दुकानाचा पीसी गेला. मोबाईलला कीबोर्ड-माउस लावून भागेल का?

चोपडा_कृषीवाला | रविवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी.

चोपडा तालुक्यात आमचं बी-बियाणं, खतं-औषधांचं दुकान आहे. दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपने या उन्हाळ्यात राम म्हटला. कारागीर म्हणतो मदरबोर्ड गेलाय, याच्यात आता पैसे घालू नका. नवा घ्यायचा तर डबा, यूपीएस धरून तीस-पस्तीस हजार सांगतात. मॉनिटर जुना आहे तो चालेल म्हणे.

मुलगी अकरावी सायन्सला आहे. ती म्हणते, पप्पा कशाला घेता? फोनला ब्लूटूथचा कीबोर्ड-माउस लावा, पडद्याला घरचा टीव्ही आहेच, झाला कॉम्प्युटर.

कामं सांगतो. बिलं. उधारीची खाती (कापूस-केळीचे पैसे हातात आले की जमा, तोवर नुसती नावं). सीएला दर महिन्याला एक्सेल पाठवणं. कधीमधी कंपनीला पत्र, एखादं मराठीत. आणि प्रिंट. सबसिडीच्या खताची विक्री पॉस मशीनवर आधार लावून होते, ते वेगळं आहे, त्याचं टेन्शन नाही. फोन गेल्या वर्षी घेतला, अठरा हजारांचा, आठ जीबी रॅमचा. टीव्ही ३२ इंची.

प्रत्यक्ष असं कुणी करतंय का? यूट्यूबवरचं नको, ते मी पण बघितलंय.


भुसावळ_जंक्शन | रविवार, रात्री १०.०५

दादा, रॅम राहू द्या बाजूला, आधी फोनचं खालचं भोक बघा. मी पुण्यात मोबाईल-कॉम्प्युटरच्याच धंद्यात आहे, दर दिवाळीला गावी आलो की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच.

टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार. आतून कंपनीने काय जोडलंय ते वेगळंच असतं. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बहुतेक फोनमध्ये त्या तोंडामागे यूएसबी २.० असतं, म्हणजे ४८० मेगाबिटचं जुनं काम. त्यातून चार्जिंग होतं, पेनड्राइव्ह चालतो, कीबोर्ड चालतो, पण चित्र बाहेर येत नाही. चित्रासाठी त्याच भोकातून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल काढावा लागतो, त्याला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ म्हणतात. तो फोनमध्ये नसेल तर दोन हजारांचा हब (एका भोकाची अनेक तोंडं करणारी डबी) लावा नाही तर दहा हजारांचा, टीव्ही ‘नो सिग्नल’ म्हणूनच बसणार.

ज्यात आहे ते फोन: सॅमसंगची एस मालिका आणि घडीचे फोल्ड. त्यात ‘डेक्स’ नावाची सोय आहे, २०१७ च्या एस ८ पासून. पडद्यावर खिडक्या उघडतात, खाली पट्टी येते, विंडोजवाल्याला परकं वाटत नाही. ए आणि एम मालिकेत ते शोधू नका. मोटोरोलाच्या एज मालिकेतल्या काही फोनमध्ये तसंच आहे, ‘स्मार्ट कनेक्ट’ म्हणतात. गुगलच्या पिक्सेल ८ पासून पुढच्यांना केबलने पडदा जोडता येतो. आयफोनला १५ पासून टाइप-सी आलं, चित्र येतं, पण फोनवर जे दिसतं तेच, मधोमध उभं, दोन्ही बाजूला काळं.

कीबोर्ड-माउस मात्र कुठल्याही अँड्रॉइडला लागतात, त्याची काळजी नको. ब्लूटूथ कीबोर्ड पहिल्यांदा जोडताना फोनवर आकडे येतात, ते त्याच कीबोर्डवर मारून एंटर दाबायचं. पुष्कळ जण ते आकडे फोनवर कुठे टाकायचे ते शोधत बसतात आणि कीबोर्ड खराब म्हणून परत करतात.


चोपडा_कृषीवाला | रविवार, रात्री १०.३१

मॉडेल टाकून आत्ताच बघितलं. यूएसबी २.० लिहिलंय. केबलचा विषय संपला म्हणायचा.

पण वायफायवर टीव्हीला चित्र जातंय की! पोरगी रोज त्यावर लेक्चर बघते. तसं का नाही चालणार?


भुसावळ_जंक्शन | रविवार, रात्री १०.५०

बघायला चालेल. काम करायला जीवावर येईल.

बिनतारी चित्र पाठवताना फोन आपला पडदा क्षणोक्षणी व्हिडिओसारखा आवळतो, वायफायवर सोडतो, टीव्ही तो उलगडून दाखवतो. या भानगडीत चित्र जरा मागे राहतं. लेक्चरला त्याने काही बिघडत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे. पण माउस हलवला आणि बाण थांबून थांबून आला, की दहा मिनिटांत डोकं उठतं. एक्सेलच्या बारीक चौकटीवर बाण नेऊन ठेवायचा म्हणजे बघायलाच नको.

दुसरं, ३२ इंची टीव्ही बहुतेक एचडी रेडी असतो. १३६६ बाय ७६८ ठिपके एवढ्या मोठ्या काचेवर पसरलेले. सिनेमाला ठीक, पण हाताच्या अंतरावर बसून वाचायला घेतलं तर मराठीची वेलांटी-उकार धूसर दिसतात. ‘कि’ की ‘की’ कळत नाही. तुमचा जुना मॉनिटर या कामाला त्या टीव्हीपेक्षा बरा.

तिसरा एक मार्ग आहे, डिस्प्लेलिंक चिपवाला अडॅप्टर. त्याचं अॅप टाकलं की ऑल्ट मोड नसलेल्या फोनचंही चित्र तारेने बाहेर येतं. पण तेही फोनवर दिसतं तसंच, खिडक्या-बिडक्या नाहीत. त्यासाठी पैसे घालू नका असं माझं मत.


धडगाव_मास्तर | सोमवार, सकाळी ६.४०

सगळे पडद्यावर अडलेत म्हणून लिहितो. पडद्याचा हट्ट सोडला तर?

मी सातपुड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. शाळेत संगणक आहेत, झाकून ठेवलेले. लाईट असेल तेव्हा त्यातला एखादा सुरू होतो, आणि सुरू झाला की अपडेट मागतो. माझं सगळं काम फोन आणि घडीच्या ब्लूटूथ कीबोर्डवर. फोन आडवा, कंपासपेटीला टेकवून. कीबोर्ड पुढे. बस्स.

यात खरा फायदा काय आहे ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर मुलांची माहिती भरायची असते. फोनवर ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ची खूण केली की फॉर्म नीट दिसतो, पण रकान्यात बोट ठेवलं रे ठेवलं की पडद्यावरचा कीबोर्ड वर येतो आणि अर्धा फॉर्म झाकून टाकतो. मग सरकवा, चिमटीने मोठं करा, चुकीच्या रकान्यावर बोट पडलं की मागे या. खरा कीबोर्ड जोडला की तो पडद्यावरचा कीबोर्ड येतच नाही. सगळा फॉर्म समोर. टॅब मारला की पुढचा रकाना, शिफ्ट-टॅबने मागचा, यादी उघडली की खाली-वर बाण आणि एंटर. हात कीबोर्डवरून उचलायचं कामच नाही. माझा निम्मा वेळ इथे वाचला, आणि त्यात मोठा पडदा कुठेच नव्हता.

वीज गेली तर फोनला पॉवर बँक आहे. कीबोर्डला एकदा चार्ज केलं की कितीतरी दिवस बघावं लागत नाही.

मराठी मजकूर मी बोलून टाइप करतो. गुगलने २०१७ मध्ये मराठीला ती सोय दिली. प्रमाण मराठी झकास उमटते. विरामचिन्हं नंतर हाताने. आमच्या पोरांची पावरी बोली त्याला ओ की ठो कळत नाही, पण ते राहू दे, बदलून आलेल्या साहेबांनाही कळत नाही.


पाचकंदील_धुळे | सोमवार, सकाळी ८.१५

मास्तर, एक नंबर! मन्हा पोऱ्याबी हाईच सांगस. पन भो, मे महिनामा फोनना तवा व्हई जास, त्यानं काय करानं?


उमवि_होस्टेल | सोमवार, दुपारी १.२०

पाचकंदील आप्पा, प्रश्न बरोबर आहे. आयफोनवाले स्वतःच सांगतात की भोवतालचं तापमान ० ते ३५ अंशांत असावं. आमच्या जळगावात मे महिन्यात ४४-४५ म्हणजे रोजचं झालं, रात्रीसुद्धा खोलीत ३५ च्या खाली जात नाही. फोनवाल्याने आमच्यासाठी बनवलंच नाही म्हणायचं.

मी डेक्स वापरतो, सेकंडहँड एस मालिकेचा फोन, त्याला हब आणि मॉनिटर. प्रोजेक्टचं लिखाण, ब्राउझर, थोडं कोडिंग. अनुभव असा की फोन तीन गोष्टींनी एकदम तापतो: चार्जिंग चालू, चित्र बाहेर चाललेलं, आणि वरून हवा गरम. मग तो स्वतःच वेग कमी करतो आणि चार्जिंग थांबवतो. कव्हर काढून ठेवायचं. लाकडी टेबलावर पालथा न टाकता स्टँडवर उभा. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असते ती चालू करायची, नाहीतर दिवसभर १०० वर टांगून ठेवलेली बॅटरी फुगते. हब घेताना त्यात चार्जर लावायचं वेगळं तोंड आहे ना ते बघायचं, नाहीतर मॉनिटर चालू असताना फोन चार्जच होत नाही आणि दुपारपर्यंत सगळं गार.

आणखी एक भूत सांगतो, ते मला लवकर सापडलं नव्हतं. माउस अडखळायचा. बॅटरी बदलली, माउस बदलला, तेच. शेवटी कळलं की माउसचा छोटा बिनतारी डोंगल मी हबमध्येच पेनड्राइव्हच्या शेजारी खोचला होता. यूएसबी ३ चालू असलं की त्याच्या आसपास २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो, आणि माउसचा डोंगल नेमका तिथेच बोलतो. ब्लूटूथही तिथेच, जुनं वायफायही तिथेच. डोंगल एका वीतभर एक्स्टेंशन वायरवर बाहेर काढला, वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं, माउस लोण्यासारखा चालायला लागला.


पाचकंदील_धुळे | सोमवार, दुपारी १.४४

बिनतारी मा वायर लावनी पडनी म्हंजे! 😄


पारोळा_सेतू | सोमवार, संध्याकाळी ७.०२

आमच्या केंद्रावरचं सांगतो, म्हणजे दोन्ही बाजू कळतील.

आधारवर पैसे काढायचं काम आता आम्ही पूर्ण फोनवर करतो. बोटाचं मशीन ओटीजीने (फोनला यूएसबी जोडायची छोटी वायर) फोनला, फोन हातात, म्हातारी माणसं बाहेर ओट्यावर बसलेली असतात तिथेच जाऊन अंगठा घेतो. डेस्कटॉप होता तेव्हा त्यांना दोन पायऱ्या चढून आत यावं लागायचं. कागद स्कॅन करायलाही फोनच बरा. पोर्टलला केबीची मर्यादा असते, फ्लॅटबेडवर स्कॅन करून मग लहान करत बसण्यापेक्षा स्कॅनरचं अॅप तिथल्या तिथे आवळून देतं. आणि ई-पीक पाहणी तर २०२१ पासून मोबाईलवरच आहे, बांधावर उभं राहून फोटो काढावा लागतो. तिथे तुमचा पीसी काय करणार?

आता दुसरी बाजू. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन. टेंडर भरायचं, ग्रामपंचायतीचं काही पाठवायचं, तिथे टोकन लागतो, आणि त्याचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. फोनला खोचून उपयोग नाही. आधार नोंदणीचं किट लॅपटॉपशिवाय हलत नाही. काही सरकारी पोर्टल फोनवर उघडतात, भरतात, आणि शेवटच्या पानावर ‘सबमिट’चं बटणच दिसत नाही. गिऱ्हाईक समोर, शंभराची नोट हातात, आणि बटण गायब.

म्हणून आमच्याकडे एक पीसी ठेवलाच आहे. आधी तीन होते.


नंदुरबार_मिरची | सोमवार, संध्याकाळी ७.३०

विषय सोडून, चोपड्याकडे केळी काय भाव चाललीय?


चोपडा_कृषीवाला | सोमवार, संध्याकाळी ७.३३

भाऊ, त्याचा वेगळा धागा काढा, इथे भांडणं होतील.


शिरपूर_पिग्मी | सोमवार, रात्री ९.१८

प्रिंटचं कुणीच बोललं नाही म्हणून. मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो. फोन आणि कमरेला अडकवलेला ब्लूटूथ थर्मल प्रिंटर, ५८ मिलिमीटर कागदाचा. दुकानादुकानात पावती फाडून देतो. तुमच्या बिलांना हाच प्रिंटर पुरेल, शाई नाही, रिबन नाही.

फक्त मराठी बिल पाहिजे असेल तर विचारून घ्या. या स्वस्त प्रिंटरच्या पोटात इंग्रजी अक्षरं असतात, देवनागरी नसतात. म्हणून बिलिंगचं अॅप मराठी मजकुराचं चित्र करून पाठवतं तेव्हाच ते छापतं. ज्या अॅपला ही अक्कल नाही ते शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं काढतं. चित्र म्हणून छापताना थोडा वेळ लागतो, पण नाव बरोबर येतं. आणि उन्हात ठेवलेली पावती काळी पडते. उधारीचा पुरावा म्हणून देत असाल तर फोटोही ठेवा.

ए-फोरचा विचाराल तर वायफायवाला नवा प्रिंटर असेल तर अँड्रॉइडमधून थेट निघतं, अँड्रॉइड ८ पासून ती सोय आतच आहे. पण प्रत्येक दुकानात जो जुना यूएसबीवाला लेझर दिसतो, टोनर भरून भरून चालवलेला, तो बहुतेकदा विंडोजचा ड्रायव्हर मागतो. फोनला लावा, नुसता दिवा लागेल.


धुळे_डीटीपी | सोमवार, रात्री १०.४०

माझ्या धंद्याला तर फोन नकोच. लग्नपत्रिका, हँडबिल, फ्लेक्स. कोरल आणि पेजमेकर. आणि त्याहून मोठं दुखणं फॉन्टचं. आमच्याकडे वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली आहेत, सगळ्या जुन्या फॉन्टमधल्या, युनिकोड नाही. म्हणजे आत इंग्रजी अक्षरंच आहेत, वरून देवनागरीचा चेहरा चढवलाय. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथे ‘श्री गणेशाय नमः’ उघडलं की नुसता कचरा दिसतो. फोनवर वर्डमध्ये असा बाहेरचा फॉन्ट बसवायला जा, डोकं फुटेल.

कृषीवाल्या दादांचीही जुनी पत्रं, दरपत्रकं अशाच फॉन्टमध्ये असतील तर आधी ती युनिकोडमध्ये करून घ्या, मग पीसी फेका. हार्ड डिस्क काढून ठेवलीत ना? मदरबोर्ड गेला म्हणजे डिस्क गेली असं नाही.


चोपडा_कृषीवाला | सोमवार, रात्री १०.५२

डिस्क कारागिराकडेच आहे! उद्या सकाळी पहिलं ते काम.


अमळनेर_हिशेब | मंगळवार, सकाळी १०.१०

मी हिशेबाचं काम करतो. टॅली विंडोजवर चालते, फोनवर फार तर रिपोर्ट बघता येतात. एक्सेलमध्ये मॅक्रो (बटण दाबलं की आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम) लिहिलेली फाइल असेल तर फोनच्या एक्सेलमध्ये ती उघडते पण मॅक्रो चालत नाही. बटण दाबा, काही होत नाही. तुमच्या सीएने तशी फाइल दिली असेल तर आधीच विचारा. साधी बेरीज-वजाबाकीची असेल तर खुशाल फोनवर करा.

पण एक बोलतो, राग मानू नका. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी ‘आता पीसी संपला’ म्हणून सांगतं. आमचं अमळनेर म्हणजे विप्रोचं गाव, १९४५ मध्ये इथे वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरुवात झाली आणि पुढे ते कॉम्प्युटरपर्यंत गेले. तेव्हा कॉम्प्युटर येतो-जातो हे आम्हाला कुणी शिकवू नये. 🙂 पीसी काही जात नाही.


भुसावळ_जंक्शन | मंगळवार, दुपारी २.२५

हिशेबवाले भाऊ, तुमच्याच बाजूचा पुरावा देतो. २०११ मध्ये मोटोरोलाने एट्रिक्स काढला, फोन मागे खोचला की लॅपटॉप होणारा डॉक. चालला नाही. २०१३ मध्ये उबंटूवाल्यांनी ‘एज’ नावाच्या फोनसाठी लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर मागितले, निम्मेही जमले नाहीत, फोन झालाच नाही. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने लुमिया ९५० बरोबर ‘कंटिन्युअम’ आणलं, पुढे विंडोज फोनच बंद पडला. म्हणजे कल्पना जुनी आहे आणि तीनदा आपटली आहे.

पण का आपटली ते बघा. मोठ्या पडद्यावर उघडायला अॅपच नव्हती. आज तुमचं बँकेचं, जीएसटीचं, युनिव्हर्सिटीचं, सगळं ब्राउझरमध्ये आलंय. फोनचा प्रोसेसरही एक्सेलला मागे पडत नाही. आता घोडं अडतं ते टोकन, जुना प्रिंटर, जुना फॉन्ट आणि टॅली इथे, म्हणजे पीसीच्या शेपटीला वर्षानुवर्षं बांधलेल्या गोष्टींवर. ज्याच्याकडे ती शेपूट नाही, मास्तरांसारखा, तो सुटला. कृषीवाल्या दादांना थोडी शेपूट आहे.


यावल_केळीबाग | मंगळवार, रात्री ९.३५

सगळं वाचलं. एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही, सगळे पुरुष आहात म्हणून असेल.

आमचंही दुकान आहे, आणि दुपारी ते मीच सांभाळते. डेस्कटॉप होता तो दुकानाचा होता. हे शेतात गेले, बाजारात गेले, जळगावला गेले, तरी मी बिल काढत होते, मुलगा संध्याकाळी त्यावरच अभ्यास करत होता. मग आमच्याकडेही हाच शहाणपणा झाला, फोनच कॉम्प्युटर. फोन कुणाचा? यांचा. खिशात कुणाच्या? यांच्या. हे केळीच्या कापणीला शेतात गेले की दुकानाचा कॉम्प्युटर पण शेतात! गिऱ्हाईक समोर उभं, जुनी उधारी किती ते मला सांगता येत नाही. फोन लावून विचारायचं, ते म्हणणार ‘आल्यावर बघतो’.

घरी फोन ठेवून गेले तर वेगळं. मी बिल करतेय, वर यांच्या मित्रांचे ग्रुपचे मेसेज टणाटण येतायत, मधेच बँकेचा ओटीपी, मधेच फोन वाजला की बिलाचं पान जातं. आणि मुलाच्या हातात तोच फोन, ज्यात पैसे पाठवायचं अॅप. ते मला नको वाटतं.

चोपडेकर भाऊ, आमच्या वहिनी दुकानात बसतात का? आधी त्यांना विचारा.


चोपडा_कृषीवाला | मंगळवार, रात्री १०.०५

ताई, बसते. दुपारी तीच बसते, मी जेवून जरा आडवा होतो. तिला धागा वाचायला दिला. ती म्हणाली, या ताईंना माझा नमस्कार सांगा, आणि फोन द्या इकडे, बघू किती वेळ राहता त्याच्याशिवाय.


धडगाव_मास्तर | बुधवार, सकाळी ६.३०

यावलच्या ताई, पटलं. मी एकटा माणूस, एकटा फोन, म्हणून माझं जमतं. शाळेतल्या दुसऱ्या बाईंना माहिती बघायची असली की त्यांना माझ्या फोनसाठी थांबावं लागतं हे खरं आहे.


उमवि_होस्टेल | बुधवार, दुपारी १२.५०

ताई, यावर उपाय म्हणजे दुकानाचा वेगळा फोन किंवा टॅब. घरात जुना फोन पडलेला असतोच. त्यात स्वतःचं सिम नको, पैशाचं अॅप नको, दुकानासाठी काढलेला वेगळा ईमेल. बिलिंगचं अॅप आणि शीट ऑनलाइन ठेवली की यांच्या फोनवर शेतात पण दिसते, तुमच्या टॅबवर पण. बरेचसे ब्लूटूथ कीबोर्ड तीन यंत्रं लक्षात ठेवतात, एफएन आणि १, २, ३ दाबून अदलाबदल. म्हणजे कीबोर्ड एकच, संध्याकाळी मुलाच्या फोनला.


यावल_केळीबाग | बुधवार, दुपारी ३.१५

हे जमण्यासारखं आहे. टॅब काउंटरला साखळीने बांधून ठेवते, म्हणजे कुणाच्या खिशात जाणार नाही.


अमळनेर_हिशेब | बुधवार, दुपारी ३.४०

म्हणजे एका जागी बसवलेला, तारेने बांधलेला, सगळ्या घराचा मिळून एक. यालाच डेस्कटॉप म्हणतात ताई. 🙂


चोपडा_कृषीवाला | गुरुवार, रात्री ८.५५

आज जळगावला गोलाणी मार्केटमध्ये गेलो होतो. डिस्क शाबूत निघाली, सगळा जुना हिशेब मिळाला. धुळे_डीटीपी भाऊंचे आभार, कारागीर ती भंगारात देणार होता.

ठरलं ते असं. दुकानाला जुना ऑफिसमधून निघालेला छोटा पीसी घेतला, नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात, कारण लेझर प्रिंटर आणि दरपत्रकांचा जुना फॉन्ट सोडवत नाहीत. मुलीला कीबोर्ड-माउसचा ब्लूटूथ जोड, तिच्या फोनला. टीव्हीचा नाद सोडला. शिरपूरवाल्यांनी सांगितलेला थर्मल प्रिंटर दुकानात चालवून बघितला, तीन अॅपवर. एकाने ‘ज्ञानेश्वर’ बरोबर छापलं, दुसऱ्याने ‘ज्ञ’ फोडला, तिसऱ्याने प्रश्नचिन्हं. पहिलं घेतलं.


खान्देश_कन्या | शुक्रवार, सकाळी ११.२०

धागा आयताच आहे म्हणून विचारते. मी मराठी ३० ची (मिनिटाला ३० शब्द) टायपिंग परीक्षा देणार आहे, संगणकावरची. क्लासला दिवसाआड जाते. घरी फोनला ब्लूटूथ कीबोर्ड लावून सराव केला तर चालेल का? मैत्रिणीकडे धडगावच्या सरांसारखा घडीचा कीबोर्ड आहे, ती द्यायला तयार आहे.


पारोळा_सेतू | शुक्रवार, दुपारी १.०५

ताई, परीक्षा पुण्याची परीक्षा परिषद घेते, ती केंद्रावरच्या संगणकावर होते. समोर साधा मोठा कीबोर्ड असतो. घडीच्या कीबोर्डला मधे जोड असतो, काहींत त्या जोडाशेजारच्या कळा आखूड किंवा सरकलेल्या असतात. बोटांना तीच जागा बसली तर परीक्षेत बोट शेजारच्या कळीवर पडणार. त्यापेक्षा साधा वायरचा यूएसबी कीबोर्ड घ्या, ओटीजीने फोनला तोही लागतो.

आणि क्लासला कळांच्या ज्या मांडणीवर शिकवतात, रेमिंग्टन की इन्स्क्रिप्ट, तीच फोनवर उमटते का ते कीबोर्ड विकत घ्यायच्या आधी मैत्रिणीच्याच कीबोर्डवर एक ओळ टाइप करून बघा. फोनच्या कीबोर्ड अॅपप्रमाणे ते बदलतं. जोडाक्षरं आणि रफार टाकून बघा, ‘कार्यक्रम’, ‘सर्वज्ञ’, ‘ट्रॅक्टर’. नुसतं ‘कमल नमन कर’ सगळीकडे येतं.


खान्देश_कन्या | शुक्रवार, संध्याकाळी ६.४०

बघितलं. इंग्रजी बरोबर येतंय, मराठी निवडलं तरी इंग्रजीच येतंय. अॅप बदलून बघते.